उभ्या माणसाला भोवळ येते तेव्हा : चेतासंस्था आणि रक्ताभिसरण

प्राजक्त (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात सकाळी आठच्या सुमाराला चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात माझ्यासमोर उभ्या असलेल्या एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीला भोवळ आली. आधी तिने दोन-तीन जांभया दिल्या, मग चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम डवरला. "मावशी, डोळ्यांपुढे अंधारी येतेय," एवढे ती कशीबशी बोलली आणि तिची मान कलली. डब्यात मुंगी शिरायला जागा नव्हती, त्यामुळे ती खाली पडलीच नाही. आजूबाजूच्या बायकांनी काखेत हात घालून तिला मायेने उभे धरले. कोणी तोंडावर पाणी शिंपडले, कोणी भाजीच्या पिशवीतला कांदा फोडून नाकाशी धरला. तिचे हात दोन-तीनदा झटकल्यासारखे हलले, तेव्हा एकीने "आकडी आली, चप्पल हुंगवा" असेही सुचवले. पुढच्या स्थानकावर तिला उतरवून बाकावर बसवले, तर ती तिथेच पुन्हा बेशुद्ध झाली. मग मी पुढे होऊन तिला फलाटावर आडवे निजवायला सांगितले आणि तिचे पाय बाकावर टेकवले. अर्ध्या मिनिटात तिने डोळे उघडले.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे. रक्ताभिसरण एका प्रकरणात आणि चेतासंस्था दुसऱ्या प्रकरणात, अशी ती शिकवायची पद्धत आहे, आणि या दोहोंमधला जो धागा त्या मुलीच्या शरीरात त्या क्षणी तुटला होता तो कोणत्याच प्रकरणात नीट येत नाही. "तिला उभे धरू नका" हे चार शब्द मला डब्यात वेळेवर सुचले नाहीत, याची टोचणी मनात आहे. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय दर मिनिटाला जवळपास तेवढेच रक्त पुढे ढकलते. कोणत्याही क्षणी या रक्ताचा सुमारे दोन तृतीयांश भाग शिरांमध्ये असतो, कारण शिरांच्या भिंती पातळ असून त्या सहज फुगतात. निजलेला माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढे कमी होते, दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही घटते, आणि मेंदू तर हृदयापेक्षा जवळजवळ फूटभर उंचावर असतो. त्या उंचीमुळेच उभ्या माणसाच्या मेंदूपाशी रक्ताचा दाब हृदयापाशी असतो त्यापेक्षा २० ते २५ मिलिमीटर पाऱ्याने कमी भरतो. याचा अर्थ असा की आपण सकाळी अंथरुणातून उठतो तेव्हा दररोज एक छोटे संकट उभे राहते, आणि ते आपल्याला कळण्याआधीच निवारले जाते.

ते निवारणारी यंत्रणा गळ्यापासून सुरू होते. मानेतील मुख्य धमनी जबड्याच्या खाली दोन फाट्यांत विभागते आणि त्या फाट्यापाशी तिची भिंत किंचित फुगीर असते. तिथे आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत चेतातंतूंची टोके भिंतीत रुतलेली असतात. भिंत ताणली गेली की ती जास्त वेगाने संदेश पाठवतात, सैल पडली की मंदावतात. गळ्यातील संदेश नवव्या कर्परचेतेतून (थेट मेंदूला जोडलेल्या चेतांपैकी एक) आणि महाधमनीतील संदेश दहाव्या, म्हणजे व्हेगस चेतेतून मस्तिष्कपुच्छापर्यंत, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या भागापर्यंत पोहोचतात. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट अशी वाटते की दाब उतरला तर "दाब उतरला" असा वेगळा निरोप कोणी पाठवत नाही; नेहमीचे बोलणे मंदावते, आणि ते मंदावणे हाच निरोप असतो. अखंड येणाऱ्या त्या संदेशांनी मस्तिष्कपुच्छातील रक्तवाहिन्या आवळणारे केंद्र दाबून धरलेले असते. संदेश मंदावले की ते मोकळे होते.

मग दोन गोष्टी घडतात. पहिली अतिशय त्वरेची आहे. हृदयातील ठोक्यांचा उगम असलेली गाठ स्वतःच्या बळावर मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल, परंतु व्हेगस चेता तिला सतत आवरून ७० च्या आसपास ठेवते. तो आवर सैल होताच पुढच्याच एक-दोन ठोक्यांत नाडी वाढते. दुसरी गोष्ट घडायला काही सेकंद लागतात. मस्तिष्कपुच्छातून निघालेला आदेश मेरुरज्जूतून खाली येतो, छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातून बाहेर पडतो, अनुकंपी (सिंपथेटिक) चेतातंतूंमार्फत रक्तवाहिन्यांपर्यंत जातो, आणि तिथे नॉरअॅड्रेनॅलिन हे रसायन स्रवून त्यांच्या भिंतीतले स्नायू आवळतो. शिरा आवळल्याने साठलेले रक्त हृदयाकडे ढकलले जाते आणि धमनिका, म्हणजे धमन्यांच्या बारीक शाखा, आवळल्याने दाब सावरतो.

धमनिकांचे काम मुंबईकरांना समजावून सांगायला पाणी खात्याचा चावीवाला पुरेसा आहे. जलवाहिनीत पाणी तेवढेच असते. कोणत्या वस्तीला किती वेळ आणि किती जोराने द्यायचे हे रस्त्यावरची चावी फिरवणारा माणूस ठरवतो. फरक इतकाच की शरीरातील चावी फार संवेदनशील असते. नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणून त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाखाली प्रवाह निम्मा होत नाही, एक-सोळांश होतो. स्नायूच्या एवढ्याशा आकुंचनाने आतड्यांकडचे रक्त मेंदूसाठी राखता येते ते यामुळेच.

आता त्या मुलीकडे येते. डब्यातील दमट उकाड्यात त्वचेच्या वाहिन्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी उघडलेल्या होत्या. एरवी त्वचेला मिनिटाला काहीशे मिलिलिटर रक्त पुरते. कडक उष्म्यात हेच प्रमाण सहा-आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. गर्दीत पाय हलवायला जागा नव्हती, त्यामुळे एरवी चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात ते कामही बंद होते. नंतर विचारले तेव्हा कळले की ती सकाळपासून उपाशी होती आणि बाहेर पाण्याची सोय नसते म्हणून तिने पाणीही प्यायले नव्हते. सावरून धरणारी यंत्रणा बराच वेळ झुंजली आणि मग तिने एकाएकी दिशाच बदलली. नाडी वाढवण्याऐवजी व्हेगसने ती मंदावली आणि रक्तवाहिन्या आवळणारे आदेश थांबले. १९३२ मध्ये सर टॉमस लुईस यांनी या प्रकाराला व्हॅसोव्हेगल असे नाव दिले, कारण त्यात रक्तवाहिन्या आणि व्हेगस दोघांचाही हात असतो. जांभया, मळमळ, घाम आणि पांढरा पडलेला चेहरा ही त्याची आगाऊ सूचना. मेंदूचा रक्तप्रवाह तुटला की सुमारे दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते, आणि प्राणवायूअभावी हातपाय थोडे झटकले जातात, त्याला लोक आकडी समजतात.

माणूस कोसळला की हृदय आणि मेंदू एका पातळीवर येतात, पायांतले रक्त परत येते आणि शुद्ध येते. कोसळणे हाच निसर्गाने केलेला उपचार आहे. आपण उभे धरतो तेव्हा तो उपचार अडवतो.

सह्यगिरी

प्राजक्तताई, लेख दोनदा वाचला. आमच्याकडे गावी कांदा आणि चप्पल दोन्ही चालतात, आणि माणूस त्यानंतर शुद्धीवर येतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तो कांद्याने येतो की तोवर त्याला आडवे ठेवलेले असते म्हणून येतो, हा प्रश्न आजवर कधी मनात आला नव्हता.

वडिलांविषयी विचारायचे आहे. त्यांचे वय ७४ आहे. मधुमेह वीस वर्षांपासून आहे. दोन महिन्यांपूर्वी लघवीच्या त्रासासाठी नवीन गोळी सुरू झाली आणि तेव्हापासून रात्री उठल्यावर त्यांचा तोल जातो. एकदा मोरीच्या दाराशी पडलेही. ते म्हणतात, वय झाले, अशक्तपणा आहे. हा त्याच यंत्रणेचा दोष असू शकतो का?

शुश्रूषा

मी परळ भागात परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे सह्यगिरी यांना मी उत्तर देते.

असू शकतो, आणि तो घरी तपासता येतो. बाबांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब आणि नाडी मोजा. मग त्यांना उभे करा, कोणीतरी शेजारी हात देऊन उभे राहा, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा दाब १० ने उतरला, तर त्याला उभे राहिल्याने होणारा रक्तदाबपात म्हणतात. मोजताना नाडीकडे जरूर लक्ष द्या. दाब उतरला आणि नाडी चांगली वाढली, तर चेतासंस्था आपले काम करते आहे आणि कमतरता बहुधा पाण्याची किंवा रक्ताची आहे. दाब उतरूनही नाडी जागची हलली नाही, तर चेतातंतूंवरच संशय घ्यावा लागतो. मात्र बीटा-ब्लॉकर गटाची गोळी चालू असेल तर नाडी औषधानेच धरलेली असते आणि हा आडाखा चालत नाही.

बाबांच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आलेली असू शकतात. अनेक वर्षांच्या मधुमेहात हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणारे बारीक चेतातंतू झिजतात. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या अल्फा-ब्लॉकर गोळ्या नॉरअॅड्रेनॅलिन जिथे जाऊन बसते ती जागाच अडवतात. मूत्रमार्गाचा स्नायू त्यामुळे सैल होतो, पण रक्तवाहिन्यांचा स्नायूही थोडा सैल पडतो. लघवी जास्त करवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या सोबत असतील तर पाण्याचीही तूट. गोळी स्वतःहून बंद करू नका. मोजलेले आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा आणि रात्री पडल्याचे सांगायला विसरू नका, कारण बहुतेक वृद्ध ते सांगत नाहीत.

तोवर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, बसल्या बसल्या पावले वर-खाली करायची, आणि मगच उठायचे. लघवीसाठी भांडे पलंगाजवळ ठेवले तर उत्तम. जेवणानंतरही असे होते का तेही पाहा; जेवल्यावर आतड्यांकडे रक्त वळते आणि ज्यांचे चेतातंतू थकलेले आहेत त्यांचा दाब त्या तासाभरात उतरतो.

जिज्ञासू

एक शंका आहे. हृदयाच्या ठोक्यांवर चेतासंस्थेचे इतके नियंत्रण असेल, तर प्रत्यारोपण केलेले हृदय कसे चालते? जुने हृदय काढताना त्याच्याकडे येणाऱ्या चेता तर कापल्याच जात असतील.

प्राजक्त

फार चांगला प्रश्न. आणि तो मुंबईत विचारला जावा हेही योग्यच, कारण भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी परळच्या केईएम रुग्णालयात केले. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले प्रत्यारोपण केल्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. केईएममधला रुग्ण काही तासच जगला, तरी ती शस्त्रक्रिया या शहराच्या वैद्यकीय इतिहासातले एक धाडसी पान आहे.

आपण म्हणता तसे चेता कापल्या जातात आणि हृदय तरीही धडधडते, कारण ठोक्याचा उगम हृदयाच्या आतच असतो. मात्र व्हेगसचा आवर नाहीसा होतो, म्हणून अशा माणसाची नाडी स्वस्थ बसलेली असतानाही ९० ते ११० असते. जिना चढायला लागले तर आपली नाडी पहिल्या काही पायऱ्यांतच वाढते; त्यांची मात्र मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतले अॅड्रेनॅलिन रक्तातून वाहत हृदयापर्यंत पोहोचल्यावर, काही मिनिटांनी वाढते, आणि थांबल्यावर तितकीच सावकाश उतरते. म्हणून त्यांना व्यायामाआधी हळूहळू सुरुवात करायला शिकवतात. तेव्हा चेता हृदयाला चालवत नाहीत. त्या त्याला वेळ पाळायला लावतात.

वरळीकर

इतिहासात रस असणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. १८५१-५२ च्या सुमाराला पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मानेतली एका बाजूची अनुकंपी चेता कापली. चेता कापल्यावर तो भाग थंड पडेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या बाजूचा कान लालबुंद आणि गरम झाला. नंतर त्याच चेतेच्या तुटलेल्या टोकाला विजेने चेतवल्यावर कान पुन्हा फिकट आणि थंड झाला. हे ब्राऊन-सेकार यांनीही स्वतंत्रपणे दाखवले. अपेक्षेच्या अगदी उलट निष्पत्ती निघाली आणि तीतून रक्तवाहिन्यांची रुंदी चेता ठरवतात हे सिद्ध झाले. १८६६ मध्ये लुडविग आणि सियोन यांनी हृदयाकडून मेंदूकडे जाणारी अशी चेता शोधली की जिला चेतवताच रक्तदाब उतरतो. गळ्यातल्या फाट्याचे कार्य हाइनरिश हेरिंग यांनी १९२० च्या दशकात उलगडले.

माझा सर्वांत आवडता प्रयोग ऑटो लोवी यांचा आहे. १९२१ मध्ये त्यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. एकाची व्हेगस चेता चेतवली, ते मंदावले. त्याच्या भोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर ओतले, तर कोणतीही चेता न चेतवता तेही मंदावले. म्हणजे चेता विजेचा धक्का देत नाही, रसायन सोडते. ते रसायन पुढे अॅसिटिलकोलिन ठरले. लोवी यांना हा प्रयोग स्वप्नात सुचला होता, असे ते स्वतः सांगत. १९३६ चे नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना विभागून मिळाले.

अथांग

धागा उत्तम चालला आहे, पण एक गोष्ट लिहिली नाही तर मला स्वस्थता वाटणार नाही, कारण "आडवे निजवा, पाय वर करा" हा सल्ला माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत घातक ठरला असता.

सहा वर्षांपूर्वी अपघातात भावाच्या मेरुरज्जूला मानेच्या पातळीवर इजा झाली. तो चाकाच्या खुर्चीत असतो आणि लघवीसाठी नळी असते. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी तो "डोके फुटतेय" असे म्हणू लागला. चेहरा व मान लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा, आणि पाय मात्र बर्फासारखे थंड. घरी आलेल्या एका शेजाऱ्यांनी "चक्कर येतेय, झोपवा" म्हणून त्याला खुर्चीतून उचलायला घेतले. सुदैवाने आईला प्रशिक्षणात शिकवलेले आठवले. तिने त्याला ताठ बसवून ठेवले, पाय खाली सोडले, कपडे आणि पट्टे सैल केले आणि नळी तपासली. नळी मांडीखाली दुमडली होती. ती सरळ केल्यावर जवळजवळ पाऊण लिटर लघवी बाहेर आली आणि दहा मिनिटांत डोके शांत झाले. मधल्या वेळात मोजलेला वरचा दाब २१० होता. त्याचा एरवीचा दाब १०० च्या आसपास असतो.

डॉक्टरांनी नंतर जे समजावले ते इथल्या विषयाशी नेमके जुळते. तुडुंब भरलेल्या मूत्राशयाकडून आलेला संदेश मेरुरज्जूत वर चढतो आणि इजेच्या खालच्या भागातील अनुकंपी चेतांना परस्पर चेतवतो. पोटातल्या आणि पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब भराभर वाढतो. गळ्यातील दाबग्राही (दाब ओळखणाऱ्या) चेतांना हे लगेच कळते आणि मेंदू दोन आदेश देतो. एक आदेश व्हेगसमार्फत हृदयाकडे जातो. व्हेगस मेरुरज्जूतून जात नाही, म्हणून तो पोहोचतो आणि नाडी मंदावते. "वाहिन्या सैल सोडा" हा दुसरा आदेश मात्र मेरुरज्जूतूनच जायचा असतो आणि तो इजेपाशी अडतो. इजेच्या वर लाली आणि घाम, खाली फिकटपणा आणि गारवा, अशी शरीराची दोन राज्ये होतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असणाऱ्या कोणालाही हे होऊ शकते. कारण वेळीच दूर केले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

अशा माणसाला बसवायचे असते. त्याला आडवे करायचे नसते. गुरुत्वाकर्षणाने रक्त खाली उतरते, आणि इथे आपल्याला तेच हवे असते. आधी मूत्राशय, मग शौच, मग त्वचेला काही टोचते-काचते आहे का, या क्रमाने पाहायचे. दाब उतरत नसेल तर रुग्णालय गाठायला वेळ लावायचा नाही.

प्राजक्त

अथांग, आपण हे लिहिलेत यासाठी मनापासून आभार. माझ्या पहिल्या लेखातील सल्ला सरसकट लागू नाही हे मी तिथे लिहायला हवे होते. वाचकांनी दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. फिकट, घामेजलेला चेहरा आणि मंद, क्षीण नाडी असलेला उभा माणूस आडवा करावा. मेरुरज्जूची इजा असलेला, लाल चेहऱ्याचा आणि डोके ठणकत असलेला माणूस ताठ बसवावा. गुरुत्वाकर्षण एकच आहे. एकाच्या वाहिन्या आवळणे थांबलेले असते आणि दुसऱ्याच्या सुटत नसतात. आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा.

सह्यगिरी

शुश्रूषाताई, काल रात्री मोजले. निजलेले असताना १४८/८४ आणि नाडी ८८. उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी ११६/७० आणि नाडी ९१. बीटा-ब्लॉकर नाही. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कागद सोबत नेईन.

यावरून एक विचारतो. निजल्यावर दाब जास्त आणि उभे राहिल्यावर कमी, तर मग रक्तदाब ही मुळात चेतासंस्थेचीच गोष्ट म्हणायची का? मला स्वतःला उच्च रक्तदाब आहे.

प्राजक्त

सेकंदांचा आणि मिनिटांचा हिशेब चेतासंस्था ठेवते. दिवसांचा आणि वर्षांचा हिशेब मुख्यतः मूत्रपिंडे ठेवतात. १९७३ मध्ये आर्थर गायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांमधील दाबग्राही चेता कापून त्यांचा रक्तदाब दिवसभर नोंदवला. सरासरी दाब फारसा बदलला नाही. पण उठणे, बसणे, खाणे, दचकणे अशा प्रत्येक हालचालीसरशी तो प्रचंड वर-खाली होऊ लागला. दाब किती असावा यापेक्षा तो हेलकावू नये याची काळजी या चेता वाहतात.

शिवाय दाब बरेच दिवस चढा राहिला तर त्या त्यालाच नेहमीचा दाब मानू लागतात आणि तक्रार करायचे थांबतात. आपल्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात त्याचे एक कारण हेही आहे: आतून कोणी आठवण करून देणार नसते.

निशिगंध

शिवाजी पार्कला आमच्या सकाळच्या गटात प्राणायाम असतो. संथ श्वासाने रक्तदाब सुधारतो असे सांगतात. आणि उलट, घाबरून भराभर श्वास घेतला की मला चक्करच येते. या दोन्हींचा या यंत्रणेशी संबंध आहे का?

प्राजक्त

आहे, पण दोन वेगळ्या वाटांनी. श्वास घेताना व्हेगसचा आवर थोडा सैल होतो आणि नाडी वाढते, सोडताना ती मंदावते. मनगटावर बोट ठेवून हे आपल्याला जाणवू शकेल. रक्तदाबातही सुमारे दहा सेकंदांची एक संथ लाट असते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की श्वासाची लय त्या लाटेशी जुळते आणि दाबग्राही प्रतिक्षेप अधिक तत्पर होतो. त्याचा उपयोग आहे, परंतु तो गोळीच्या जागी चालणार नाही.

भराभर श्वासाने येणारी चक्कर मेंदूच्या स्वतःच्या व्यवस्थेतून येते. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तापैकी सुमारे पंधरा टक्के रक्त त्याला लागते, आणि ते किती घ्यायचे हे तो बऱ्याच अंशी आपल्याच दारात ठरवतो. रक्तात कर्बवायू वाढला की मेंदूच्या वाहिन्या रुंदावतात, घटला की आवळतात. घाबरून जलद श्वास घेतल्याने कर्बवायू बाहेर टाकला जातो आणि मेंदूचा प्रवाह घटतो. गर्दीत कोणाला भोवळ येऊ लागली तर "दीर्घ श्वास घे, जोरात घे" असे म्हणू नये. सावकाश घे म्हणावे.

गिरणगाव

मी लालबाग परिसरातील एका मंडळात कार्यकर्ता आहे. गणेशोत्सवात दर्शनाच्या रांगेत लोक तासन् तास उभे असतात, आणि दररोज पाच-दहा जणांना तरी भोवळ येते. आजवर आम्ही त्यांना खुर्चीत बसवून लिंबू सरबत देत आलो. शुद्ध पूर्ण आलेली नसताना कोणाच्या तोंडात सरबत घालणे चूक होते हे आता समजते आहे. रांगेतल्या माणसाला आधीच काही सांगता येईल का? आणि रुग्णवाहिका नेमकी केव्हा बोलवायची?

शुश्रूषा

रांगेत उभे असताना अंधारी यायला लागली की पायांची अढी घालून मांड्या आणि नितंब घट्ट आवळायचे, किंवा दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायची. स्नायू आवळले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते आणि खाली बसायला वेळ मिळतो. उकिडवे बसणे त्याहून चांगले. रांगेत येण्याआधी दोन पेले पाणी पोटात असावे आणि उभ्या उभ्या टाचा उचलत राहाव्यात, ही घोषणा ध्वनिक्षेपकावरून करता येईल.

आडवे केल्यावर एक-दोन मिनिटांत पूर्ण शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, भोवळ येण्याआधी छातीत धडधड झाली असेल, श्रम करताना किंवा निजलेल्या अवस्थेत शुद्ध गेली असेल, डोक्याला मार लागला असेल, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर १०८ ला फोन करा. गर्भार स्त्रीला पाठीवर न ठेवता डाव्या कुशीवर वळवा. श्वासच नसेल तर हा विषय राहत नाही. लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची. उन्हात किंवा उकाड्यात अंग तापलेले असून माणूस असंबद्ध बोलत असेल तर तो उष्माघात समजायचा, अंग गार करायला घ्यायचे आणि रुग्णालयात न्यायचे.

शुद्ध आल्याबरोबर उभे करू नका. दहा-पंधरा मिनिटे आडवे, मग बसते, मग पाणी, आणि मग उभे. त्या मुलीला बाकावर बसवल्यावर पुन्हा भोवळ आली ती घाईमुळे.

गिरणगाव

काल मंडळाची बैठक झाली. रांगेच्या दोन वळणांवर बांबूच्या आडोशामागे सहा फुटांची जागा मोकळी ठेवायचे ठरले आहे. तिथे सतरंजी आणि पाय टेकवायला लाकडी पाट ठेवू. खुर्च्या तिथून काढल्या आहेत.